रुद्राणीची पूजा होईपर्यंत

तलवाडा,
१२ मे १९९६

प्रिय रुद्राणी,

तुला दोन कार्डं टाकली, एकाचंही उत्तर नाही. रागावली आहेस म्हणावं, तर रागावल्यावर तू जास्तच बोलतेस. म्हणून या वेळी पाकीट. आमच्या गावात कार्ड टाकलं की पोस्टातल्या आप्पांना पाठ झाल्यावरच ते पुढे जातं, आणि आजचा मजकूर आप्पांच्या कामाचा नाही. कावेरी इथे देवीचा नवस फेडायला आली आहे, उद्या पाटोद्याला परत निघेल, तिच्याच हाती देते. आत काय आहे ते तिला ठाऊक नाही. ती विचारणार नाही, पण एस.टी.त बसल्यावर पाकीट उन्हाकडे धरून नक्की बघेल. बघू दे. तू मात्र ओळीनं वाच. आधी शेवटचं पान बघायची तुझी खोड मला माहीत आहे.

माझं विचारशील तर बरं चाललं आहे. म्हणजे काय चाललं आहे ते मला नीट सांगता येत नाही. आपली फुटबॉलची टीम बंद झाली तेव्हा छबुबाई धाय मोकलून रडली, कावेरीनं बूट कापसाच्या जिनिंगच्या छपरावर फेकून दिले. मला रडू आलं नाही, रागही आला नाही. फार वेळ मांडी घालून बसलं की पाय बधिर होतो, चिमटा काढला तर दुसऱ्याच कुणाच्या पायाला काढल्यासारखा वाटतो. माझं सगळं अंग तसं झालं आहे. आईनं मध्ये विचारलं, भाकरीत मीठ बरोबर पडलंय का, तर मला सांगता येईना. भाकरी संपली होती, चव लागली नव्हती. माजलगावहून एक स्थळ येऊन गेलं. मुलाच्या आत्यानं मला चालून दाखवायला लावलं आणि माझ्या अंगठ्याचं काळं पडलेलं नख बघत बसली. हो म्हणतील की नाही, कळवायचं आहे. दोन्हींत मला काही फरक वाटत नाही.

बीडला एकदा जाऊन आले, राहिलेला पगार आणायला. स्टँडच्या बाहेर आपल्या मालकांनी, भगवानरावांनी, थंड पेयांचं दुकान काढलं आहे, बाहेर लाल छत, आत बर्फाची पेटी आणि टीव्ही. छत कशावर उभं आहे सांगू? आपल्या गोलच्या खांबांवर. पांढरा रंग खरवडून लाल दिला आहे, पण डाव्या खांबाला तुझ्या डोक्यानं पडलेला पोचा तसाच आहे. मी त्याला टेकून उभी राहिले. भगवानरावांनी ओळखलं, बाटली फोडून हातात दिली आणि म्हणाले, "मंजुळाबाई, काळ बदलला. आता लोक बसून बघतेत, उभं राहून बघत न्हाईत." जिनिंग त्यांनी विकलं, आवारात प्लॉट पाडले आहेत. चुन्याच्या रेघा ओढल्या आहेत, पण त्या आपल्या नाहीत.

मला तिथे काय आठवलं असेल तर कापसाची गंजी. तू आलीस त्या दिवशी उस्तादांनी तुला गंजीवर उभं केलं आणि खालून बॉल मारत राहिले. तू पडायचीस, कापसात बुडायचीस, नाकातोंडात कापूस घेऊन वर यायचीस. पडणं म्हणजे मऊ असतं असं तुझ्या मनानं तेव्हाच धरलं, म्हणून पुढे जत्रेतल्या काळ्या ढेकळांवरही तू बिनधास्त उडी घ्यायचीस. उस्तादांचे वडील निजामाच्या पोलिसात फुटबॉल खेळलेले, ती सगळी विद्या त्यांनी आपल्या डोक्यात ओतली. "बॉलकू आँखसे नको, पेटसे पकडो." हातमोजे मागितले तर म्हणायचे, चमडीला बॉल कळतो, लोकरीला कळत नाही. आणि भगवानरावांना कुणीतरी सांगितलं होतं की तिकडे बंगालात बायकांची मॅच लोक तिकीट काढून बघतात. झालं. त्यांच्या आईच्या नावानं 'गंगासागर महिला फुटबॉल संघ' निघाला, आपली नावं जिनिंगच्या हजेरीपटावर चढली, आणि दिवाळी ते पाडवा, कापूस येतो तेवढे दिवस, आपण जत्राजत्रांतून कनात लावून खेळू लागलो. आमचा आसाराम गावात मित्रांना सांगायचा, "बे, आमच्या मंजुळीला लाथा मारायचा पगार भेटतोय, आपण फुकटच मारतो."

तुझ्या गळ्यातली ती चांदीची डबी म्हणजे मला आधी ताईत वाटला होता. मी गमतीनं ओढायला गेले तर तू माझं मनगट असं धरलंस की दोन दिवस दुखत होतं. मग तूच सांगितलंस की आत इष्टलिंग आहे, तान्ही असताना स्वामींनी बांधलं, मरेपर्यंत अंगावरून उतरायचं नाही, बेंबीच्या खाली जाऊ द्यायचं नाही, दुसऱ्याच्या हाती द्यायचं नाही. तुझ्या अण्णांनी फुटबॉलला एवढी एकच अट घातली होती. पाटोद्याच्या दुकानात येऊन तुमच्याच समाजातले लोक त्यांना टोचायचे, "शंकरप्पा, पोरीला अर्ध्या चड्डीत गावोगाव नाचवता व्हय?" अण्णा तागडीवरची नजर न काढता म्हणायचे, "तिच्या अंगावर लिंग हाय तवर ती कुटंबी खेळू द्या. मी बघतो." त्यांनी त्या एका गोष्टीवर सगळ्या गावाला तोंड दिलं होतं.

आपल्या टेम्पोतल्या सकाळी आठवतात का? कुठल्याशा विहिरीवर गाडी थांबायची. सगळ्यांच्या पोटात कावळे ओरडत असायचे, कागदावर पोहे निवत असायचे, आणि तू अंघोळ करून, कपाळाला भस्माचे पट्टे ओढून, डाव्या तळहातावर ते सुपारीएवढं काळं लिंग ठेवून डोळे मिटून बसायचीस. पहिल्या दिवशी कावेरी खायला लागली तर उस्तादांनी तिचा हात धरला. "गोलकीपर भूखा है," एवढंच म्हणाले. तेव्हापासून रुद्राणीची पूजा होईपर्यंत कुणी घास उचलायचा नाही, ही टीमची रीतच झाली. छबुबाई कुरकुर करायची, देव तुझा आणि उपास आम्हाला का म्हणून. पण तीही थांबायची. तुझ्याकडे बघत थांबायचो, तुझी बोटं हळूहळू मिटायची, डबीचं झाकण लागायचं, आणि मग आम्ही तुटून पडायचो. घरीसुद्धा मी अजून ताटावर बसले की जरा थांबते. आई विचारते, कुणाची वाट बघतीस.

शेवटच्या हंगामाचं काय सांगायचं, तू होतीसच. पण तू गोलात उभी असायचीस, तुला कनातीचं दार दिसायचं नाही, मला दिसायचं. लोक यायचे, जरा वेळ बघायचे आणि शेजारच्या हॉटेलातल्या रंगीत टीव्हीकडे निघून जायचे. ज्या जत्रेत पूर्वी कनात फाडून पोरं आत घुसायची, तिथे आम्ही स्वतः बाहेर उभं राहून हाका मारल्या. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, आपले तर चार वर्षं चालले, तक्रार करायला जागा नाही. एकेक मुलगी कमी होत गेली. एकीचं लग्न, एकीची नर्सिंगची जागा, दुसरी गोलकीपर तर न सांगताच गेली. आपसातच दोन बाजू करून कधी सात-सात, कधी पाच-पाच खेळलो. आणि मग भगवानरावांनी सांगितलं की एक थंड पेयांची कंपनी टीम दत्तक घेणार आहे, साहेब लोक बीडच्या मैदानावर पुण्याच्या संघाबरोबरची मॅच बघायला येणार, जिंकलो तर पुढची तीन वर्षं मिटली. कॉलेजच्या दोन मुली उसन्या घेऊन आपण अकरा पुरे केले.

त्या दिवसाबद्दल आपण दोघी कधी बोललो नाही. आज लिहिते.

पुण्याहून आलेल्या पंचानं ओळीत उभं करून सांगितलं, गळ्यात, कानात, हातात काही चालणार नाही, नियम आहे. उस्तादांनी समजावून पाहिलं, तो ऐकेना. छबुबाईनं मंगळसूत्र काढून उस्तादांच्या रुमालात बांधलं, दोनदा देवाचं नाव घेतलं. तू मला बाजूला नेलंस. तुझा चेहरा मला अजून दिसतो, घाबरलेला नव्हता, हिशेब जुळवत असल्यासारखा होता. खेळली नसतीस तर गोलात उभं राहायला दुसरं कुणी नव्हतं. चड्डीच्या खिशात ठेवायचं नाही, कुणाला द्यायचं नाही. तू म्हणालीस, "अण्णांनी अंगावरून उतरवू नको म्हटलंय. हात अंगच हाय की." रिकामी डबी माझ्याजवळ दिलीस, मी ती पिशवीत ठेवली. लिंग डाव्या तळहातात घेतलंस आणि मूठ मिटलीस.

सगळी मॅच तू त्या मिटल्या मुठीनं खेळलीस. उस्ताद बाहेरून ओरडून थकले, हाथ खोल, हाथ खोल. त्यांना वाटलं तुझं बोट दुखावलंय. एकूण एक बॉल तू उजव्या हातानं नाहीतर मुठीनं परतवलास. शेवटी शेवटी, दोन्हीकडे शून्य असताना, त्यांच्या त्या उंच मुलीनं डाव्या कोपऱ्यात वर मारला. मुठीला तो येण्यासारखा नव्हता. तू उडी घेतलीस आणि दोन्ही पंजे उघडलेस. रुद्राणी, तो बॉल तू अडवलास. हे कुणाच्याच लक्षात राहिलं नाही म्हणून मी इथे लिहून ठेवते आहे. बोटांच्या टोकांनी तू तो दांडीवरून बाहेर काढलास. मग त्यांना कॉर्नर मिळाला, मी तुला हाक मारली, आणि बघते तर तू गुडघ्यांवर बसून गवत चाचपत होतीस. बॉल आला, तुझ्या डोक्यावरून आत गेला. तू वर पाहिलंसुद्धा नाहीस. मंडपातले साहेब लोक हसले. हसण्यासारखंच दिसलं असेल ते.

शिट्टी झाल्यावर आपण दोघींनी अंधार पडेपर्यंत शोधलं. कुणी विचारलं की तू म्हणायचीस, डूल काढायचा राहिला होता, तो पडला. रिकामी डबी परत गळ्यात अडकवलीस आणि मला शपथ घातलीस. मी पाळली. कावेरी सगळ्यांसमोर म्हणाली, "चार आण्याच्या डुलापायी सगळ्यांची भाकर घालवली हिनं." तू ऐकून घेतलंस. डूल म्हटल्यावर निदान तुझाच वेंधळेपणा ठरत होता. खरं सांगितलं असतंस तर ते अण्णांच्या तागडीत जाऊन पडलं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी जिनिंगच्या ओसरीवर पोहे आले. तू अंघोळ केलीस, भस्म लावलंस, पदर पुढे ओढून त्याखाली डावा हात धरलास आणि डोळे मिटलेस. सगळ्या थांबल्या, कावेरीसुद्धा. तुझ्यावर एवढा राग असून थांबल्या. मी तुझ्या डाव्या बाजूला होते. तळहात रिकामा होता. तू नेहमीएवढाच वेळ बसलीस, मग बोटं मिटलीस आणि म्हणालीस, खाऊन घ्या. मला वाटतं, माझं अंग बधिर झालं ते तेव्हा, टीम बंद झाली तेव्हा नाही.

तुला एक कळायला हवं. तुझ्या गोलनं टीम गेली नाही. महिन्याभरानं उस्ताद भेटले, हैदराबादला पोरीकडे कायमचे निघाले होते. त्यांनी सांगितलं, जिनिंगचा सौदा मॅचच्या आधीच झाला होता. साहेब लोक दुकान कुठे टाकायचं ती जागा बघायला आले होते. मॅच भगवानरावांनी त्यांच्या करमणुकीसाठी ठेवली होती, जशी पाहुण्यांसाठी वाजंत्री ठेवतात. आपण दहा गोलांनी जिंकलो असतो तरी खांब दुकानालाच लागले असते. उस्तादांना हे आधी ठाऊक नव्हतं, ते रस्त्यात उभे राहून रडले. मी त्यांच्या हातातली वळकटी धरून उभी होते. कावेरीला मी हे काल सांगितलं. पत्र घेऊन येईल तेव्हा तुझ्याशी जरा वेगळी वागेल, तिला टोमणा मारू नकोस.

आता अण्णांचं. ते इथे येऊन गेले, तुला सांगितलं नसेल. पाटोद्याहून दोन एस.टी. बदलून, भर उन्हात, पिशवीत माझ्या आईसाठी बत्तासे घेऊन. ओसरीवर बसले, पाणी प्यायले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि मला म्हणाले, "पोरी, ती एकदाच जेवती दिवसाचं. तेबी पाखरावानी. उदगीरचं स्थळ पक्कं झालंय, लगीन तोंडावर आलंय, आन् ही वाळत चालली. कावून जेवंना ती? तुला ठाऊक आसंल तर सांग." मला कारण ठाऊक होतं. लिंगाची पूजा झाल्याशिवाय जेवायचं नाही, आणि पूजेला हातावर काही नाही. दोन वेळा खोटं बसण्यापेक्षा तू एकदाच बसतेस. सासरी गेल्यावर सासूच्या शेजारी बसून ते रोज करावं लागेल, हेही तुझ्या डोक्यात असणार. मी अण्णांना म्हटलं, टीम गेल्याचं मनाला लागलंय तिच्या. ते म्हणाले, "खेळू दिलं त्यात माझं चुकलं काय गं?" मी नाही म्हटलं. त्यांना स्टँडपर्यंत सोडायला गेले. गाडी सुटल्यावर त्यांनी खिडकीतून हात केला, मीही केला, आणि घरी येऊन गोठा झाडला. तुझी शपथ नसती तरी मी सांगितलं असतं का, मला माहीत नाही. त्या माणसाकडे बघून तोंड उघडलं नसतं बहुतेक.

तुला आठवत असेल, सामान वाटलं गेलं तेव्हा माझ्या वाट्याला गोलची जाळी आली. कशात काय अन् फाटक्यात पाय, आसाराम महिनाभर चिडवत होता की बहिणीनं मासे धरायचं ठरवलंय. मी ती सुतळीनं बांधलेली गुंडाळी तशीच आढ्याला टांगून ठेवली होती. गेल्या गुरुवारी वारं सुटलं, कडब्याच्या गंजीवर पसरायला काहीतरी हवं म्हणून आसारामनं ती खाली काढली. जाळीच्या खालच्या काठाला उस्तादांनी गोणपाटाच्या पिशव्या शिवल्या होत्या, ती वाऱ्यानं उडू नये म्हणून गोदावरीतले खडे भरून. मॅचमध्ये खडे सांडायचे आणि मॅच संपली की जाळी गुंडाळणारीनं ते वेचून परत पिशवीत भरायचे, ही आपली शिस्त. त्या संध्याकाळी आपण दोघी गोलच्या पुढचं गवत चाचपत होतो, आणि मागे छबुबाई अंधुक उजेडात खडे वेचून भरत होती. पुढची मॅच झाली असती तर दुसऱ्याच आठवड्यात जाळी उघडली असती. पुढची मॅच झालीच नाही. मी पिशव्या रिकाम्या करत होते, करड्या खड्यांत एक काळा आला, हलका, गुळगुळीत, एका बाजूला जरासा खरचटलेला. मी चार वर्षं रोज सकाळी उपाशीपोटी ते बघितलं आहे, मला दुसरं काही वाटणं शक्य नव्हतं. उचलायला हात पुढे गेला तो आपोआप डावाच. तळहातावर ठेवलं, आणि मूठ मिटावी की उघडी ठेवावी हे मला बराच वेळ कळलं नाही. आसाराम म्हणाला, काय गं, विंचू चावला का. त्या रात्री भाकरीत मीठ कमी होतं. मी आईला सांगितलं. आता ते देव्हाऱ्यात, नव्या कापडात, सगळ्यात वर ठेवलं आहे. माझ्या हाताचा विटाळ मानायचा की नाही, ते परत बांधता येतं की कसं, हे तुमचे स्वामी सांगतील. त्यांना काय सांगायचं ते तू ठरव, अण्णांना सांगायचं की नाही तेही तूच. मी पोस्टानं पाठवणार नाही आणि कावेरीच्या हातीही देणार नाही. पुढच्या रविवारी पहिल्या एस.टी.नं निघते. वाटभर डाव्या हातात धरीन, कंडक्टरला सुटे पैसे उजव्या हातानं देईन. घरातून काही खाऊन निघणार नाही. अंघोळ करून बसून राहा, आणि वहिनीला सांगून पोहे दोघींचे टाकायला लाव. टीम संपली म्हणून तुझी पूजा व्हायच्या आधी मी घास उचलणार नाही.

तुझीच,
मंजुळा